शरीरातील लोखंडाची नोंद कोणी ठेवायची?

वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ, सोनेगाव (आबाजी) या गावाच्या शिवारात, 20 नोव्हेंबर 2018 रोजी सकाळी मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्याच्या जागेवर स्फोट झाला आणि सहा माणसे प्राणांस मुकली. दारूगोळा लष्करी होता, जागाही लष्कराची होती. पण पेट्या उतरविणारे हात बहुतांशी कंत्राटदाराने आसपासच्या गावांतून गोळा केलेल्या रोजंदार मजुरांचे होते. जखमींना सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात हलविण्यात आले. त्यापूर्वी अडीच वर्षे आधी, 31 मे 2016 रोजी, पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराला भीषण आग लागली, तेव्हाही जखमींची वाट सावंगीकडेच गेली होती. ज्यांनी 1957 साली शांतिसेना उभी केली, त्यांच्या नावाच्या रुग्णालयात दारूगोळ्याने फाटलेली शरीरे शिवली जावीत, हा वर्ध्याच्या भूमीतला विरोधाभास खराच. पण त्यावर उसासे टाकून भागणारे नाही. त्याहून रोकडा असा एक प्रश्न या घटनांच्या पोटात दडलेला आहे.

वृत्तपत्रांत स्फोटाची बातमी मृतांच्या व जखमींच्या आकड्यापाशी संपते. लोखंडाचा प्रवास मात्र तिथे संपत नाही. स्फोटाने उडालेल्या धातूच्या किरचा माणसाच्या मांसात, हाडाशेजारी, कधी पाठीच्या कण्यालगत रुतून बसतात आणि शल्यवैद्य त्या सगळ्याच बाहेर काढीत नाहीत. हा त्यांचा हलगर्जीपणा नव्हे. खोल रुतलेला, रक्तवाहिनीला वा मज्जातंतूला न बाधणारा तुकडा शोधण्यासाठी शरीर चिरत बसणे हे त्या तुकड्यापेक्षा अधिक अपायकारक ठरते. म्हणून तो तसाच राहू द्यावा, हा रणभूमीवर शिकलेला आणि आज सर्वमान्य झालेला वैद्यकीय दंडक आहे. शरीर त्या तुकड्याभोवती तंतूंचे आवरण विणते. जखम भरते, टाके निघतात, मजूर कामावर परततो. आठ-दहा वर्षांनी त्याची कंबर धरते, पाय बधिर होऊ लागतो. तालुक्याचा डॉक्टर एमआरआय तपासणी लिहून देतो. आणि तो पुन्हा त्याच सावंगीला, नाहीतर सेवाग्रामला किंवा नागपूरच्या एखाद्या तपासणी केंद्रात येऊन उभा राहतो. दारात त्याच्या हाती एक छापील कागद दिला जातो. त्यातला एक प्रश्न असा असतो: आपल्या शरीरात धातूची कोणतीही वस्तू आहे काय?

माणूस साधा असतो. तो खिशातली तंबाखूची डबी बाहेर काढतो, करदोट्याला बांधलेली किल्ली सोडतो, दंडावरचा ताईत उतरवतो आणि प्रामाणिकपणे 'नाही' असे सांगतो. बाई असेल तर जोडवी व डोरले काढून मुलीच्या हाती देते. कागदावर सही होते किंवा अंगठा उमटतो. त्या क्षणापासून, कायद्याच्या भाषेत, शरीरातल्या लोखंडाची जबाबदारी त्याच्यावर येते. त्या लोखंडाची त्याला कधी कोणी माहितीच दिलेली नसते, ही गोष्ट त्या कागदावर कुठेही उमटत नाही.

या यंत्राचा धर्म काय आहे, हे थोडे समजून घेणे अवश्य आहे. एमआरआय तपासणीत क्ष-किरण नसतात. शरीरातल्या पाण्याच्या व चरबीच्या रेणूंमधील हायड्रोजनच्या केंद्रकांना प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून, रेडिओलहरींनी डिवचून, त्यांच्याकडून येणाऱ्या प्रतिसादावरून हे यंत्र चित्र बांधते. मज्जारज्जू, मेंदू, सांध्यातील कूर्चा यांचे इतके स्पष्ट दर्शन दुसरे कोणतेही साधन घडवीत नाही. रुग्णालयांत सर्रास आढळणाऱ्या यंत्रांचे क्षेत्र 1.5 किंवा 3 टेस्ला असते. 1.5 टेस्ला म्हणजे होकायंत्राची सुई वळविणाऱ्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या 30 हजारांहून अधिक पट. आणि हे क्षेत्र तपासणीपुरते सुरू करून नंतर बंद करता येत नाही. द्रवरूप हेलियमने उणे 269 अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवलेल्या तारांच्या वेटोळ्यातून वीज अखंड फिरत असते. रात्री दवाखाना झोपला, गावची वीज गेली, तरी चुंबक जागाच असतो. खोलीत आवाज नाही, दिवा नाही, म्हणून यंत्र बंद आहे अशी समजूत करून घेणे हीच या क्षेत्रातली सर्वांत जीवघेणी चूक आहे.

महाराष्ट्राने ही चूक दोनदा पाहिली आहे. नोव्हेंबर 2014 मध्ये टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संशोधन संस्थेत ऑक्सिजनच्या सिलिंडरसह दोन कर्मचारी यंत्राकडे खेचले गेले आणि कित्येक तास तिथेच चिरडल्या अवस्थेत अडकून राहिले. पुढे 27 जानेवारी 2018 रोजी मुंबई महापालिकेच्या नायर रुग्णालयात, आजारी नातलगासोबत आलेल्या 32 वर्षांच्या एका तरुणाच्या हाती सिलिंडर देण्यात आले. तो ते घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि परत आला नाही. यंत्र बंद आहे असे आपल्याला सांगण्यात आले होते, असे कुटुंबीयांचे म्हणणे होते. डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांना अटक झाली, शासनाने 5 लाख रुपयांची मदत जाहीर केली, चार दिवस चर्चा झाली. सिलिंडर वाहून नेणे हे काम नातेवाइकाच्या गळ्यात का पडावे, या प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी वळले नाही. सार्वजनिक रुग्णालयात रुग्णाचा नातलग हा बिनपगारी वॉर्डबॉय असतो, हे आपण इतके गृहीत धरले आहे की त्यात काही वावगे आहे असे वाटेनासे झाले आहे.

या दोन्ही अपघातांतले लोखंड डोळ्यांना दिसणारे होते. पुरुषभर उंचीचे, हाताने उचलावे लागणारे. त्याबाबतही आपली ही अवस्था, तर कातडीखाली दडलेल्या, ज्याचे त्यालाच ठाऊक नसलेल्या लोखंडाची काय कथा?

येथे डोळ्याचा विचार वेगळा करावा लागतो, कारण खरा धोका तिथे आहे. दंडात किंवा मांडीत रुतलेल्या जुन्या तुकड्याला भोवतालच्या तंतूंनी घट्ट धरून ठेवलेले असते. चुंबक त्याला ओढू लागला तरी तो सहसा हलत नाही. नेत्रगोलाच्या आतला पारदर्शक गर तसे आवरण विणीत नाही. तिथे पडलेला लोखंडाचा कण दहा वर्षांनीही चुंबकाच्या ओढीने सरकू शकतो, आणि अशा ठिकाणी एखाद्या मिलिमीटरची हालचालही दृष्टिपटल फाडायला पुरते. 1986 साली अमेरिकेतील एका नेत्रवैद्यकीय नियतकालिकात अशा एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध झाली. पत्र्याचे काम केलेला माणूस. डोळ्यात काही मिलिमीटरांचा लोखंडी कण, त्याचा त्याला पत्ता नाही. तपासणी झाली ती 0.35 टेस्लाच्या, म्हणजे आजच्या मानाने अगदी दुबळ्या यंत्रात. डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. धातूवर काम केलेल्या माणसाच्या डोळ्यांचा आधी क्ष-किरण फोटो काढावा, हा नियम पाश्चात्त्य देशांत रूढ होण्यामागे या एका कामगाराच्या डोळ्याचे मोल आहे.

आता वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरच्या टापूत लोखंडाचा कण डोळ्यात कोणाकोणाच्या जातो, याची नुसती उजळणी करून पाहावी. लेथवर, ग्राइंडरवर, वेल्डिंगच्या ठिणग्यांखाली काम करणारे तर आहेतच. पण हा केवळ कारखान्याचा रोग नव्हे. छिन्नीवर हातोडा पडतो तेव्हा छिन्नीच्या चेपून पसरलेल्या माथ्याची किरच उडते, आणि ती बंदुकीच्या गोळीच्या जातीची असते: बारीक, तापलेली, वेगवान. विहीर खणणारे, खडी फोडणारे, घराचे छप्पर उतरविणारे, ट्रकच्या चाकाचा पाटा सैल करणारे गॅरेजमधले पोर, नांगराचा फाळ ठोकणारा लोहार, दगडावर कुदळ मारणारा शेतकरी या साऱ्यांच्या डोळ्यांसमोर हा खेळ रोज चालू असतो. पाट्या-वरवंट्याला टाकी लावून देत गावोगाव फिरणाऱ्या भटक्या जमातीच्या बायाही त्यात आल्या. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपण मुलांना सांगतो. ते घाव घालणारीच्या डोळ्याचे पुढे काय होते, हे म्हण सांगत नाही.

सोनेगावच्या स्फोटानंतर आणखी एक गोष्ट उजेडात आली होती. नष्ट केलेल्या दारूगोळ्याच्या खड्ड्यांतून पितळ, तांबे, लोखंड वेचून ते भंगारात विकणे हा त्या परिसरातल्या गरिबांच्या पोटापाण्याचा एक मार्ग आहे. या माणसांची कोणत्याही हजेरीपटावर नोंद नसते. त्यांच्या अंगात किरच घुसली तर ते डॉक्टरकडेही जपून जातात, कारण किरच कुठून आली हे सांगणे म्हणजे स्वतःवर गुन्हा ओढवून घेणे. शरीरात धातू आहे काय, या प्रश्नाचे खरे उत्तर ते कोणत्या तोंडाने देतील?

शिवाय आठवणीचा भाग आहेच. डोळ्यात काही गेले तर सोबतीच पदराच्या टोकाने, रुमालाच्या सुरळीने, क्वचित काडेपेटीच्या काडीने ते काढतो. दोन दिवस पाणी येते, मग थांबते. वेगाने आत शिरलेल्या बारीक किरचेची जखम आपोआप मिटते, पुष्कळदा दुखतही नाही आणि दृष्टीवर लगेच परिणाम होत नाही. लोखंड आत हळूहळू गंजते आणि त्याचे क्षार दृष्टिपटलाला मारीत जातात, ते वर्षांनंतर. अशा माणसाला 'धातूची परकी वस्तू' असे शब्द छापलेला कागद देऊन उत्तराची अपेक्षा करणे हा निव्वळ देखावा आहे. 'कधी छिन्नी-हातोड्याचे, ग्राइंडरचे, वेल्डिंगचे काम केले काय? डोळ्यात कण गेला होता काय? तो डॉक्टरने काढला की घरीच? स्फोटात, गोळीबारात, छर्‍याच्या बंदुकीने कधी जखम झाली काय?' असे त्याच्या जगण्यातले प्रश्न, त्याच्या बोलीत, समोर बसून विचारले तर उत्तर मिळते. त्याला दहा मिनिटे लागतात. आणि नेमकी ही दहा मिनिटेच महाग असतात, कारण कोट्यवधी रुपयांच्या यंत्राचा हिशेब दिवसाकाठी किती तपासण्या झाल्या यावर मांडला जातो. यंत्राची किंमत भरून काढायची तर तंत्रज्ञाच्या बोलण्यातली मिनिटे कापणे हाच सर्वांत सोपा मार्ग. ताळेबंदात ती काटकसर म्हणून दिसते. तिची किंमत ज्याच्या डोळ्यातून वसूल होते त्याचा ताळेबंद कोणी लिहीत नाही.

अशा दुर्घटना जगभरात बोटांवर मोजण्याइतक्याच नोंदल्या गेल्या आहेत, मग एवढा गाजावाजा कशासाठी, असा आक्षेप येईल. आकडा खरा आहे. पण ज्या देशांत हा आकडा लहान राहिला त्या देशांत प्रश्न विचारण्याची आणि शंका येताच फोटो काढण्याची शिस्त चार दशके पाळली गेली आहे. शिस्तीचे फळ दाखवून शिस्तच अनावश्यक ठरविणे हे तर्कशास्त्र अजब म्हटले पाहिजे. आणि आपल्याकडे, तपासणीनंतर काही दिवसांनी अंधूक दिसू लागलेला खडी कामगार त्या दोन गोष्टींचा संबंध जोडून तक्रार करायला येईल, ही कल्पनाच भाबडी आहे. जिथे नोंदवहीच नाही तिथे नोंद शून्य असणार.

प्रश्नाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे, आणि ती सहसा विसरली जाते. भीतीपोटी सरसकट नकार देणे हाही अन्यायच. जखमेच्या जुन्या खुणा दिसल्या, गोळी लागल्याचे रुग्णाने सांगितले, की 'तुमची तपासणी होणार नाही' म्हणून परत पाठविणे केंद्राला सोयीचे असते. वास्तविक सगळेच धातू चुंबकाला बळी पडत नाहीत. शिशाला चुंबक ओढीत नाही. तांब्याला, पितळेला, अॅल्युमिनियमला, टायटॅनियमलाही नाही. हाडे जोडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गंजरोधक पोलादाच्या पट्ट्या बहुधा चुंबकीय नसतात. शिकारीच्या बंदुकीचे शिशाचे छर्रे अंगात असलेल्या माणसाची तपासणी बहुतेक वेळा निर्धास्त करता येते. याउलट हातबॉम्बचे किंवा तोफगोळ्याचे कवच लोखंडाचे असते. एके-47 जातीच्या रायफलींच्या गोळ्यांत पुष्कळदा पोलादी आवरण वा पोलादी गाभा असतो. गडचिरोलीत सुरुंगाच्या किरचा अंगात घेऊन जगणारा पोलीस शिपाई आणि रानडुकराच्या शिकारीत चुकून छर्रे लागलेला गुराखी, दोघेही कागदावर 'धातू आहे' असेच लिहितील. पण दोघांची जोखीम मुळीच सारखी नाही. तुकडा कसला, कुठे, केवढा, किती वर्षांचा, कण्याच्या वा मोठ्या रक्तवाहिनीच्या किती जवळ, हे पाहून आणि तपासणीने होणारा लाभ तोलून निर्णय करायचा असतो. तो क्ष-किरणतज्ज्ञाने करायचा. स्वागतकक्षातल्या कारकुनाने नव्हे. काही आजारांत सीटी स्कॅनने काम भागते, पण मज्जारज्जूवर दाब किती आला आहे हे पाहायचे तर एमआरआयला तोडीस तोड पर्याय नाही. विनाकारण नाकारलेली तपासणी हेदेखील एक अपंगत्व ठरू शकते.

दोन्ही बाजूंच्या तळाशी एकच उणीव आहे: माहिती. ज्याच्या छातीत हृदयाचे यंत्र बसविले आहे त्याच्याजवळ त्या यंत्राचे कार्ड असते, त्यावर कंपनी, क्रमांक, सारे छापलेले असते. आणि त्यावरून हे साधन चुंबकाजवळ सुरक्षित आहे, काही अटींवर सुरक्षित आहे की असुरक्षित आहे, याचा छडा लागतो. किरचेला कंपनी नसते आणि कार्डही नसते. विकत घेतलेल्या धातूची नोंद आहे. अंगावर लादल्या गेलेल्या धातूची नाही.

पण ती नोंद अशक्य होती असे म्हणता येणार नाही. जखमी मनुष्य रुग्णालयात आला त्या दिवशी त्याचे क्ष-किरण फोटो निघाले होते. किरचा किती, कुठे, त्यांतल्या किती काढल्या आणि किती राहू दिल्या, हे त्या दिवशी शल्यवैद्याला पक्के ठाऊक होते. केसपेपरवर ते इंग्रजीत लिहिलेही गेले असेल. डिस्चार्ज कार्डावर मात्र गोळ्यांची नावे, पुढच्या भेटीची तारीख आणि 'प्रकृती समाधानकारक' एवढेच उतरते. ज्या माहितीवर पुढे त्या माणसाचा डोळा किंवा पाय अवलंबून राहणार, ती माहिती रुग्णालयाच्या कपाटात राहते. आणि तीही किती काळ? वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेने दाखल रुग्णांची कागदपत्रे 3 वर्षे जपण्याचे बंधन घातले. पोलीस प्रकरणाची कागदे अधिक काळ राहत असतील. लोखंड जन्मभर राहते.

शासनाच्या देखरेखीचे चित्र तर याहून विस्कळीत. क्ष-किरणाचे साधे यंत्र बसवायचे तर अणुऊर्जा नियामक मंडळाची अनुज्ञा लागते, खोलीच्या भिंतींची जाडी तपासली जाते. एमआरआय यंत्रातून तसा किरणोत्सर्ग होत नाही, म्हणून ते त्या मंडळाच्या कक्षेत येत नाही. गुणवत्तेची प्रमाणपत्रे देणारी व्यवस्था आहे, पण ती ऐच्छिक. म्हणजे जे यंत्र ऑक्सिजनचे सिलिंडर गोळीसारखे ओढून घेते त्याच्या दारावर कोण उभे असावे, त्याला कोणते शिक्षण दिलेले असावे, रुग्णाला कोणते प्रश्न विचारलेच पाहिजेत, हे बऱ्याच अंशी मालकाच्या सदसद्विवेकावर सोडलेले आहे. सदसद्विवेक ही चांगली गोष्ट आहे. पण कोणत्याही समाजाने आगीचा बंब तिच्या भरवशावर ठेवलेला नाही.

मूळ जखमेच्या ठिकाणी पाहिले तर कायदे होते, माणसे त्यांच्या बाहेर होती. 1948 च्या कारखाना कायद्याचे 35 वे कलम नेमके डोळ्यांच्या रक्षणासाठी होते: जिथे कण उडण्याचा धोका आहे तिथे मालकाने गॉगल किंवा पडदा पुरविला पाहिजे. पण वीज वापरणाऱ्या ठिकाणी किमान 10 कामगार असतील तरच तो कारखाना, अशी मूळ कायद्यातली व्याख्या. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती संख्या 20 केली. तीन माणसांचे फॅब्रिकेशनचे दुकान, रस्त्याकडेचे गॅरेज, लोहाराची भट्टी हे सारे आधीही बाहेर होते आणि आता त्यांच्या जोडीला आणखी कित्येक जाऊन बसतील. 1923 च्या भरपाई कायद्याने एका डोळ्याचा हिशेबही मांडून ठेवला होता: दुसरा डोळा धड असताना एक डोळा गमावला तर कमाईच्या क्षमतेत 40 टक्के घट, डोळा शाबूत पण दृष्टी गेली तर 30 टक्के. दावा मात्र अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा. उशीर माफ करणे आयुक्ताच्या मर्जीवर. अपघात 2018 चा आणि डोळा 2028 साली गेला, तर त्या डोळ्याचा अपघात कोणता मानायचा? जुना मालक म्हणेल, डोळा रुग्णालयात गेला. रुग्णालय म्हणेल, रुग्णाने कागदावर 'नाही' लिहून दिले. कंत्राटदार तर तोवर वेगळ्या नावाने वेगळ्या जिल्ह्यात कंत्राट घेत असेल. जोखीम एका हातातून दुसऱ्या हातात सरकवीत सरकवीत अखेर ज्याच्याकडे ती पुढे सरकविण्यास कोणी नाही त्याच्यापाशी येऊन थांबते. अर्थशास्त्राची पुस्तके याला खर्चाचे बहिर्गमन असे भारदस्त नाव देतात.

उपाय खर्चिक नाहीत, हेच या प्रकरणातले सर्वांत लाजिरवाणे. संशयित माणसाच्या डोळ्यांचा एक साधा क्ष-किरण फोटो काही शे रुपयांत निघतो. ज्या तपासणीपूर्वी तो काढायचा तिचे शुल्क काही हजारांच्या घरात असते. तो फोटो तपासणीचाच भाग मानून त्याच शुल्कात बसविला पाहिजे, कारण वेगळे पैसे मागितले की गरीब माणूस 'नाही, डोळ्यात कधी काही गेले नाही' असेच सांगणार, आणि त्याला दोष देता येणार नाही. डोक्याचे अलीकडचे सीटी स्कॅन असेल तर त्यावरूनही काम होते. दारावर धातुशोधक लावून हे भागत नाही. सिलिंडर, कात्री, चाकाची खुर्ची तो ओळखील, डोळ्यातला कण नाही. स्फोटात वा गोळीबारात जखमी झालेल्या प्रत्येकाच्या डिस्चार्ज कार्डावर 'शरीरात धातू शिल्लक आहे. अमुक ठिकाणी, अमुक जातीचा असावा. एमआरआयपूर्वी हे कार्ड दाखवावे' एवढी मराठी ओळ आणि सोबत फोटोची एक प्रत देणे बंधनकारक केले पाहिजे. काम देणाऱ्याच्या अपघात नोंदवहीतही ती ओळ उतरली पाहिजे, मग काम देणारा लष्करी भांडार असो, पोलाद कारखाना असो की नगरपालिकेचा ठेकेदार.

सावंगी आणि सेवाग्राम ही दोन वैद्यकीय महाविद्यालये एकाच तालुक्यात, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर म्हणावीत अशी आहेत. दोन्हीकडे दरवर्षी शेकडो मुले डॉक्टर होतात, गावे दत्तक घेतात, प्रबंधासाठी विषय शोधतात. पुलगाव, देवळी, सोनेगावच्या परिसरातील खडी कामगार, लोहार, गॅरेजवाले, भंगार वेचणारे यांच्यापैकी कितीजणांच्या डोळ्यांत वा अंगात धातू आहे, हे घरोघरी जाऊन मोजण्याइतका उपयुक्त विषय त्यांना मिळणे कठीण. पण 2016 च्या आगीतून आणि 2018 च्या स्फोटातून वाचलेली माणसे कोण, हे मोजण्याचीही गरज नाही. त्यांची नावे रुग्णालयाच्या, पोलिसांच्या व भांडाराच्या कागदांत आहेत. त्यांचे क्ष-किरण फोटो जिथे शाबूत असतील तिथे ते नष्ट होण्यापूर्वी बाहेर काढून त्यांच्या हाती द्यावेत आणि त्यावर वरची एक ओळ लिहावी. त्यासाठी विधिमंडळाच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची सही असलेले एक पत्र या तीन ठिकाणी पाठवून आणि सही करण्यापूर्वी उत्तरासाठी त्यात एक तारीख घालून ते काम सुरू करता येते.